चिठ्ठी परत डब्यात न टाकता माणसं निवडायची: प्रोबॅबिलिटीचे नेहमी येणारे प्रश्न

मी अकरावी-बारावीच्या मुलांना घरीच गणित शिकवते. प्रोबॅबिलिटीचा चॅप्टर सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी तेच प्रश्न यायला लागतात, अर्धे मुलांचे आणि अर्धे चक्क आमच्या सोसायटीतल्या आणि भिशीतल्या लोकांचे. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र टाकलंय.

बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलंय. सोसायटीच्या गणपतीसाठी १२ जणांनी नावं दिलीत, ८ बायका आणि ४ पुरुष, आणि त्यातून चिठ्ठ्या काढून ३ जणांची कमिटी करायचीय. (नावं देणारे १२ असतात, विसर्जनाच्या दिवशी हजर किती असतात तो वेगळा चॅप्टर.) १२ मधून ३ निवडायच्या एकूण पद्धती मी सी(१२,३) अशा लिहिणार, म्हणजे १२×११×१० भागिले ३×२×१, म्हणजे २२०. हा २२० आकडा लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

१. "परत न टाकता" म्हणजे नक्की काय, आणि त्याने एवढा काय फरक पडतो?

पहिली चिठ्ठी काढली, नाव वाचलं, बाजूला ठेवली. आता डब्यात ११ च उरल्या. पहिली बाईची निघाली असेल तर डब्यात ७ बायका ४ पुरुष, पुरुषाची निघाली असेल तर ८ आणि ३, म्हणजे दुसऱ्या वेळेला डबाच बदललेला असतो. चिठ्ठी परत टाकली असती तर प्रत्येक वेळी तोच ८ आणि ४ चा डबा मिळाला असता.

तिन्ही बायका येण्याची शक्यता बघा. परत टाकली तर ८/१२ × ८/१२ × ८/१२, साधारण ०.२९६. न टाकता ८/१२ × ७/११ × ६/१०, म्हणजे १४/५५, साधारण ०.२५५. दर बाई निघाली की पुढच्या बाईचा चान्स थोडा कमी होतो, म्हणून "सगळे एकाच प्रकारचे" ही शक्यता न टाकता काढल्यावर नेहमी कमीच येते.

२. प्रश्नात "परत न टाकता" असं लिहिलेलंच नसतं, मग ओळखायचं कसं?

एकच माणूस दोनदा निवडला जाऊ शकतो का, एवढंच स्वतःला विचारा. कमिटी, टीम, प्रतिनिधी, शिष्टमंडळ यातलं काही आलं की परत न टाकताच, कारण एकाच माणसाने दोन खुर्च्या अडवल्या तर कमिटी दोघांचीच होईल. पण "वर्गातून रोज एका मुलाला फळा पुसायला निवडतात, तीन दिवसांत..." असं असेल तर कालचा मुलगा आज परत येऊ शकतो, तिथे परत टाकून. पेपरात फळा पुसण्याचं उदाहरण मुद्दाम कमिटीच्या उदाहरणाखाली देतात आणि पोरं त्याच झोकात ७/११ लिहून मोकळी होतात.

३. सी(१२,३) ने करू की ८/१२ × ७/११ असं गुणत जाऊ? मैत्रिणीचं उत्तर वेगळं आलं.

दोन्ही रस्ते बरोबर आहेत आणि दोन्हींनी उत्तर एकच यायला पाहिजे, वेगळं आलं म्हणजे कोणीतरी अर्धा रस्ता याचा आणि अर्धा त्याचा घेतलाय. नियम एकच: क्रम वर मोजलात तर खाली पण मोजा, वर नाही मोजलात तर खाली पण नको. माझ्याकडे येणाऱ्या चुकांतल्या निम्म्याअधिक इथेच होतात.

उदाहरणार्थ कमिटीत नेमक्या २ बायका आणि १ पुरुष. क्रम न धरता: ८ मधून २ बायका निवडायच्या २८ पद्धती, ४ मधून १ पुरुष निवडायच्या ४, गुणाकार ११२, म्हणून ११२/२२०, साधारण ०.५०९.

गुणत गेलात तर बाई-बाई-पुरुष या क्रमाची शक्यता ८/१२ × ७/११ × ४/१० म्हणजे ०.१७० च्या आसपास येते. इथे थांबणारे खूप. हे फक्त एका क्रमाचं उत्तर झालं, पुरुष पहिला किंवा मधे पण येऊ शकतो, तेव्हा तिनाने गुणा, परत ०.५०९. मैत्रिणीने बहुतेक तिनाने गुणलं नसेल, किंवा सी वापरून झाल्यावर वर आणखी तिनाने गुणलं असेल. दुसऱ्या प्रकारात उत्तर १.५३ येतं, म्हणजे चूक निदान दिसते तरी.

४. तीन चिठ्ठ्या एकदम मुठीत उचलल्या तर?

काही फरक नाही. मुठीतून एकेक उघडून वाचा, झालं "एकामागून एक, परत न टाकता".

५. "किमान एक पुरुष" काढताना माझं उत्तर १ आलं आणि "किमान एक बाई" चं २! कुठे चुकलं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मी स्वतः फळ्यावर जाऊन हे केलंय, तेव्हा लाजू नका.

तुम्ही बहुतेक असं केलं असणार: आधी एक पुरुष पक्का करू, ४ पद्धती. मग उरलेल्या ११ मधून कोणीही २, सी(११,२) म्हणजे ५५. ४ × ५५ = २२०. भागिले २२०, उत्तर १. म्हणजे बिनपुरुषाची कमिटी होऊच शकत नाही! पण तीन बायकांच्या कमिट्या तर सी(८,३) म्हणजे ५६ आहेत. बाईसाठी तेच केलं की ८ × ५५ = ४४०, उत्तर २.

गडबड ही की दोन पुरुष असलेली कमिटी दोनदा मोजली गेली. समजा राजू, संजू आणि एक वहिनी. एकदा राजूला "पक्का" धरून संजू उरलेल्यांत आला, एकदा संजूला पक्का धरून राजू. कमिटी एकच, हजेरी दोनदा. तीन पुरुषांची तर तीनदा.

बरोबर रस्ता उलटा. "एकही पुरुष नाही" काढा आणि १ मधून वजा करा. ५६/२२० वजा केलं की १६४/२२०, साधारण ०.७४५. किमान एक बाईसाठी एकही बाई नाही अशा कमिट्या फक्त ४, म्हणून २१६/२२०, साधारण ०.९८२.

आता गंमत. ते चुकीचे १ आणि २ अगदीच फालतू आकडे नाहीत. ते कशाचे आहेत ते प्रश्न १२ मध्ये.

६. "किमान दोन" असेल तर? आणि "प्रत्येक विंगमधून किमान एक" असेल तर?

किमान दोन बायका म्हणजे नेमक्या दोन अधिक नेमक्या तीन, ११२ + ५६ = १६८, भागिले २२०, ०.७६४. उलट्या बाजूने केलं तरी दोनच केस आहेत, जे सोपं वाटेल ते करा.

विंगचं प्रकरण जास्त खोल आहे. समजा १२ पैकी ए विंगचे ५, बी चे ४, सी चे ३. तीन जणांची कमिटी असेल तर प्रत्येक विंगचा एकच, ५×४×३ = ६०, भागिले २२०. सोपं. पण कमिटी ४ जणांची केली की लगेच प्रश्न ५ ची चूक वेष बदलून येते: प्रत्येक विंगचा एक पक्का केला, ६० पद्धती, चौथा उरलेल्या ९ मधला कोणीही, ५४०. आणि एकूण कमिट्याच सी(१२,४) म्हणजे ४९५! आडातच ४९५ आहेत तर पोहऱ्यात ५४० कुठून येणार.

एका विंगमधून दोन येणार हे नक्की, मग कोणत्या विंगमधून ते वेगवेगळं करा. ए मधून दोन: १०×४×३ = १२०. बी मधून दोन: ५×६×३ = ९०. सी मधून दोन: ५×४×३ = ६०. एकूण २७०, भागिले ४९५, म्हणजे ६/११. बघा, ५४० हे बरोबर दुप्पट आहे, कारण इथे प्रत्येक कमिटी नेमकी दोनदाच मोजली जाते, त्यामुळे शेवटी दोनने भागलं तरी चालतं, पण पाच जणांच्या कमिटीला ही युक्ती चालत नाही (एका विंगचे ३ आले तर कमिटी तीनदा मोजली जाते, दोन विंगचे २-२ आले तर चारदा), म्हणून केस करायची सवय लावा.

७. कमिटीऐवजी अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं असतील तर?

मग क्रम महत्त्वाचा. १२×११×१० = १३२० पद्धती. अध्यक्ष बाई आणि सचिव पुरुष हवा तर ८/१२ × ४/११ = ८/३३, खजिनदार कोणीही. पण "तिघीही बायका" असं विचारलं तर पदं असोत नसोत, उत्तर प्रश्न १ मधलंच १४/५५ येतं, कारण वर आणि खाली दोन्हीकडे सहापट वाढ होते आणि कटते. पद कोणाला हे प्रश्नात विचारलंय का तेवढं बघा. आमच्याकडे खजिनदाराची चिठ्ठी कोणालाच नको असते, पण तरी सगळ्यांची शक्यता १/१२ च.

८. मी आणि मिस्टर दोघंही कमिटीत येण्याचा चान्स किती? मी १/४ × १/४ केलं.

तुमचा एकटीचा चान्स ३/१२ म्हणजे १/४, बरोबर आहे. पण परत १/४ नेच गुणायचं नाही, कारण तुम्ही आत गेलात की १ जागा भरली आणि मिस्टरांसाठी ११ जणांत २ जागा उरल्या. १/४ × २/११ = १/२२. १/१६ पेक्षा बराच कमी. दोघंही बाहेर राहायची शक्यता १२०/२२०, नेमकं एकच जण आत जायची ९०/२२०, दोघं आत १०/२२०. बेरीज २२० भरते का ते नेहमी बघत जा, फुकटातली तपासणी आहे.

हाच प्रश्न "दोन भावांपैकी किमान एक", "अमुक दोघांचं पटत नाही, दोघं एकत्र नकोत" अशा रूपात पण येतो, सगळ्याला हेच तीन आकडे पुरतात.

९. आमच्या १२ जणींच्या भिशीत माझी चिठ्ठी नेहमी शेवटी निघते. आधी काढणाऱ्यांना जास्त चान्स असतो ना?

नाही हो. भिशी हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, दर महिन्याला एक चिठ्ठी आणि निघालेलं नाव परत डब्यात नाही. पहिल्या महिन्यात तुमचा नंबर लागायची शक्यता १/१२. तिसऱ्या महिन्यात लागायला पहिल्या दोनदा हुकायला पाहिजे: ११/१२ × १०/११ × १/१०. अकरा कटले, दहा कटले, राहिलं १/१२. बारावा महिना घ्या, असंच सगळं कटत जाऊन १/१२.

मग लोकांना वेगळं का वाटतं? कारण पाच महिने होऊन गेले आणि तुमचं नाव आलं नाही की सहाव्या महिन्यात तुमची शक्यता १/७ असते, आणि ती दर महिन्याला वाढत जाते. ही "आतापर्यंत नाही आलं" हे कळल्यानंतरची शक्यता आहे, सुरुवातीची नाही. दोन्ही बरोबर आहेत, वेगवेगळ्या वेळी विचारलेले वेगवेगळे प्रश्न आहेत.

दोन गोष्टी मात्र खऱ्या. काही भिशींमध्ये चालवणारीला पहिला नंबर देतात, तिथे बाकीच्या अकरा जणींची शक्यता दुसऱ्या ते बाराव्या महिन्यासाठी १/११ प्रत्येकी. आणि पहिल्याच महिन्यात पैसे हातात आले तर ते बिनव्याजी उसने मिळाल्यासारखे असतात, शेवटचीला तो फायदा नाही, म्हणजे तुमची तक्रार पैशाच्या हिशेबाने बरोबर आहे, प्रोबॅबिलिटीच्या हिशेबाने नाही.

१०. पहिली चिठ्ठी कोणाची ते न बघता दुसरी बाईची असण्याची शक्यता काढायचीय. ७/११ की ८/११?

दोन्ही नाही, ८/१२. पहिली बाई असेल तर ८/१२ × ७/११, पुरुष असेल तर ४/१२ × ८/११, बेरीज ५६/१३२ + ३२/१३२ = ८८/१३२, म्हणजे २/३. भिशीतलंच लॉजिक आहे, बघितलेलं नसेल तर कुठलीही चिठ्ठी दुसरीपेक्षा खास नसते.

याचं पुढचं पाऊल पोरांना पचत नाही. दुसरी चिठ्ठी बाईची निघालेली बघितली, पहिली अजून बंद आहे, तर पहिली बाईची असण्याची शक्यता? "पहिली आधी काढली, दुसरीचा तिच्यावर कसा परिणाम होईल" असं म्हणून ८/१२ लिहितात. उत्तर ७/११. परिणाम होत नाहीये, माहिती मिळतेय. एक बाई तुम्हाला सापडली, उरलेल्या अकरांत सात बायका, आणि ती बंद चिठ्ठी त्या अकरांपैकीच एक.

११. ग्रुप किती मोठा असला की हा फरक सोडून द्यायचा?

साधारण संकेत असा की एकूण लोकांच्या दहा टक्क्यांहून कमी निवडत असाल तर परत टाकून समजून केलं तरी चालतं. आपल्या उदाहरणात १२ मधले ३ म्हणजे २५ टक्के, म्हणून फरक ०.२९६ आणि ०.२५५ एवढा दिसला. तेच १२०० लोक, ८०० बायका, ३ निवडायचे, तर परत न टाकता ०.२९५९ आणि टाकून ०.२९६३. पण पेपरात "अंदाजे" म्हटलेलं नसेल तर हा शॉर्टकट वापरू नका, मार्क जातात.

१२. हायपरजॉमेट्रिक आणि बायनॉमियल यात नक्की काय वेगळं? सरासरी काढायची असेल तर?

परत टाकून काढलं की बायनॉमियल, न टाकता काढलं की हायपरजॉमेट्रिक. नाव अवघड आहे, काम प्रश्न ३ मधलंच: हव्या असलेल्यांमधून निवडा, नको असलेल्यांमधून निवडा, गुणा, एकूणने भागा.

सरासरी दोन्हीकडे एकच. कमिटीत सरासरी किती बायका? ३ × ८/१२ = २. पुरुष? ३ × ४/१२ = १. काय आठवलं? प्रश्न ५ मधली "चुकीची" उत्तरं! तिथे जी कमिटी जितक्या पुरुषांची तितक्यांदा ती मोजली जात होती, आणि सगळ्या कमिट्यांतले पुरुष मोजून कमिट्यांनी भागायचं म्हणजे सरासरीच. म्हणून शक्यता काढताना उत्तर १ च्या वर गेलं तर खोडण्याआधी थांबा, बऱ्याचदा तुम्ही न कळत सरासरी काढलेली असते.

वेगळा असतो तो पसारा, म्हणजे व्हेरियन्स. परत टाकून ३ × २/३ × १/३ = २/३. न टाकता याला (१२−३)/(१२−१) म्हणजे ९/११ ने गुणायचं, येतं ६/११. पाठ करायची गरज नाही, बाराच्या बारा निवडले तर? बायका ८ च येणार, पसारा शून्य, आणि १२−१२ पण शून्य. सर्व्हेवाले हीच सुधारणा वापरतात. नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रात जगभर नाव असलेले पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पिकांच्या अंदाजासाठी नमुन्याने शेतं निवडून कापणी मोजायची पद्धत भारतात बसवण्यात त्यांचा मोठा वाटा, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

१३. "कमिटीत किमान एक बाई आहे" आणि "कमिटीत तळमजल्यावरच्या वहिनी आहेत" या दोन्हींत फरक काय? दोन्हींत एक बाई तर आहेच ना.

फरक आहे आणि चांगला मोठा आहे. विचारलंय काय, तर तिघीही बायका असण्याची शक्यता.

किमान एक बाई आहे एवढंच कळलं तर २२० मधून बिनबायकांच्या ४ कमिट्या बाद, उरल्या २१६, त्यात तिघी बायकांच्या ५६. उत्तर ०.२५९, म्हणजे जवळजवळ आधीइतकंच, कारण मिळालेली बातमी फुसकी आहे, बाई तर ९८ टक्के वेळा असतेच.

तळमजल्यावरच्या वहिनी आहेत हे कळलं तर उरलेल्या ११ मधून २ जागा, ५५ कमिट्या, त्यात दोन्ही बायका असलेल्या सी(७,२) म्हणजे २१. उत्तर ०.३८२. एका ठराविक बाईचं नाव आत असणं हे बायका जास्त असलेल्या कमिट्यांमध्ये जास्त वेळा घडतं, म्हणून पारडं तिकडे झुकतं. प्रश्न वाचताना "कोणीतरी" आणि "अमुक" या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा.

१४. नाव निघालं पण तो माणूस नाही म्हणाला, मग दुसरी चिठ्ठी काढली. आता हिशेब बिघडला का?

बिघडत नाही, सोपा होतो. जे नाही म्हणणारच होते ते डब्यात नव्हतेच असं समजा. बारापैकी दोन बायका कधीही नाही म्हणणार असतील तर खरी निवड ६ बायका ४ पुरुष अशा दहातूनच होते, तिघी बायका येण्याची शक्यता २०/१२० म्हणजे १/६, आधीच्या ०.२५५ वरून बरीच खाली. अट एकच, नकार चिठ्ठीच्या आधीपासून ठरलेला असला पाहिजे. "ती येणार असेल तर मी नाही" असं सुरू झालं की हे गणित संपलं.

चुकून चिठ्ठी परत डब्यात गेली आणि तेच नाव पुन्हा आलं तर ते सोडून पुढची काढा, निकाल परत न टाकल्यासारखाच होतो.

१५. १२ जणांच्या ३-३ च्या चार टीम केल्या. मी आणि माझी मैत्रीण एकाच टीममध्ये?

२/११. तुम्ही कुठेतरी बसलात, तुमच्या टीममध्ये २ जागा, मैत्रिणीसाठी एकूण ११. एकूण १५,४०० प्रकारे टीम पडतात, ते काढून मग वरचं काढत बसणारे पण आहेत, उत्तर तेच, वेळ दहापट.

१६. पहिला पुरुष निघेपर्यंत चिठ्ठ्या काढत राहिलो तर किती काढाव्या लागतील?

नेमकी तिसरी चिठ्ठी पहिल्या पुरुषाची: ८/१२ × ७/११ × ४/१०, साधारण ०.१७. प्रश्न ३ मध्ये हाच आकडा आला होता, पण इथे तिनाने गुणायचं नाही, क्रम ठरलेला आहे! वाईटात वाईट नऊ चिठ्ठ्या. सरासरी २.६, ती अशी: चार पुरुष रांगेत उभे केले की पाच मोकळ्या जागा होतात, आठ बायका त्यात सरासरी ८/५ म्हणजे १.६ प्रत्येकी, पहिल्या जागेतल्या १.६ झाल्या की पुढचा पुरुष.

१७. कॅल्क्युलेटर एरर दाखवतो, मोठे आकडे कसे करायचे?

साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) ६९ पर्यंतच जातं, ७० चं १०० आकड्यांच्या वर जातं. पूर्ण फॅक्टोरियल काढूच नका, ८/१२ × ७/११ असं एकेक अपूर्णांक करत जा. एक्सेलमध्ये हायपजिओम डॉट डिस्ट नावाचं फंक्शन आहे, क्रमाने द्यायचं: किती बायका हव्यात, किती निवडल्या, एकूण बायका, एकूण माणसं. २, ३, ८, १२ आणि शेवटी फॉल्स दिलं की ०.५०९.

१८. ऑफिसात गिफ्टसाठी नावांच्या चिठ्ठ्या काढतो (सीक्रेट सँटा). कोणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता?

साधारण ०.३६८, आणि आश्चर्य म्हणजे ऑफिसात १२ माणसं असोत की १२० हा आकडा जवळजवळ हलत नाही. चार जणांत २४ पैकी ९, म्हणजे ०.३७५. म्हणजे तीनपैकी जवळपास दोन वेळा कोणीतरी "अरे मलाच माझं आलं" म्हणणार.

स्वतःचं आलं तर लगेच बदलून घ्यायची पद्धत असते तिथे वेगळी भानगड. तिघंच आहेत समजा. पहिल्याला दुसऱ्याचं आलं, दुसऱ्याला पहिल्याचं, तर तिसऱ्याच्या हातात स्वतःचं आणि बदलायला डब्यात काहीच नाही. हे चारातून एकदा होतं. अशा वेळी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पहिल्यापासून काढा.

१९. हे सगळं ठीक आहे, पण चिठ्ठ्या नीट ढवळल्याच नसतील तर?

तर वरचं एकही उत्तर लागू नाही. सगळीकडे आपण धरून चाललोय की प्रत्येक चिठ्ठीला सारखा चान्स आहे.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी लष्करात बोलवायचं ते ठरवायला वॉशिंग्टनमध्ये वाढदिवसांची सोडत झाली. ३६६ तारखा, प्रत्येक एका प्लास्टिकच्या कुपीत, एकामागून एक, परत न टाकता. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. पण कुप्या महिन्यामागून महिना अशा भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांचे नंबर आधी लागले. १९७० साठी १९५ व्या नंबरापर्यंत बोलावणं गेलं आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त ५ त्याच्या पुढे होत्या. पुढच्या वर्षी मग दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि एकात नंबर.

आमच्याकडे एका वर्षी निम्म्या चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या होत्या आणि निम्म्या वहीच्या पानाच्या. स्टीलचा डबा हलवला की जाड चिठ्ठ्या खाली जाऊन बसायच्या आणि काढणारी पोरगी हात थेट तळाला घालायची. तिन्ही नावं कॅलेंडरच्या कागदावरची निघाली, त्यातलं एक माझं. पुढच्या गणपतीला सगळ्या चिठ्ठ्या एकाच वहीतून फाडल्या, सारख्या चार घड्या घातल्या, आणि डब्याऐवजी उशीचा अभ्रा घेतला.